कवचात अडकलेल्या उपग्रहाचा माग

३१ ऑगस्ट २०१७ रोजी सायंकाळी ७ वाजता श्रीहरिकोटा येथून भारताचा पी. एस. एल. व्ही. अग्निबाण आकाशात झेपावला. त्यात दिशादर्शनाच्या कामाचा १,४२५ किलोग्रॅम वजनाचा एक उपग्रह होता. अग्निबाणाच्या टोकावर उपग्रहाचे रक्षण करणारे कवच असते; हवा विरळ झाली की त्याने दुभंगून गळून पडावयाचे असते. त्या दिवशी ते उघडलेच नाही. उपग्रह आतल्या आत सुटा झाला, परंतु त्यास बाहेर पडावयास वाट नव्हती.

अशा वेळी वर काय फिरत आहे, हे भूमीवरून कसे ओळखावयाचे? रडारने सोडलेल्या लहरी वस्तूवर आदळून परततात. त्यांना लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि त्या ज्या बाजूने आल्या त्यावरून दिशा. असे मापन वारंवार केले म्हणजे वस्तूची कक्षा निश्चित होते. पत्रावरील शिक्क्यावरून ते कोठून निघाले हे जसे समजते, तसेच कक्षेचे गणित मागे नेले असता वस्तूचा उड्डाणतळ व निघण्याची वेळ ताडता येते.

येथे कक्षेनेच सारी हकीकत सांगितली. पृथ्वीपासून कमीत कमी २८४ व अधिकात अधिक २०,६५० किलोमीटर अंतर राहावे, अशी योजना होती. प्रत्यक्षात ही अंतरे सुमारे १६७ व ६,५५५ किलोमीटर भरली. सुमारे सहा तासांची प्रदक्षिणा दोन तास चाळीस मिनिटांवर आली. न गळलेल्या कवचाचे सुमारे एक टन ओझे अखेरपर्यंत वाहावे लागल्याने वेग उणा पडला, हे उघड आहे. एरवी उपग्रह आणि अग्निबाणाचा शेवटचा टप्पा अशा निदान दोन वस्तू वेगवेगळ्या आढळतात. येथे मात्र २०१७-०५१ए या क्रमांकाने एकच वस्तू नोंदली गेली. या क्रमांकात प्रथम वर्ष, नंतर त्या वर्षातील उड्डाणाचा अनुक्रम व शेवटी वस्तूचे अक्षर असते.

अशा वस्तूस वाऱ्यावर सोडून चालत नाही. ती दुसऱ्या उपग्रहाच्या वाटेत येऊ शकते, आणि कधीतरी खाली येणार हे तर निश्चितच. १६७ किलोमीटरवरही हवेचा अंश असतो. पृथ्वीजवळून जाताना प्रत्येक फेरीस वेग किंचित घटे, आणि त्यामुळे कक्षेचे दूरचे टोक (जवळचे नव्हे, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून दाखवावे) हळूहळू खाली उतरे. दीड वर्ष ही उतरण मोजली जात होती. दरम्यान १२ एप्रिल २०१८ रोजी बदली उपग्रह यशस्वीपणे सोडण्यात आला. २ मार्च २०१९ रोजी ते बंद गाठोडे दाट वातावरणात शिरले, आणि नोंदवहीत त्या क्रमांकापुढे पतनाची तारीख पडली.