बेसिल, सिबिल आणि रिसेप्शनचं काउंटर

परवा दापोलीजवळ एका जोडप्याच्या होमस्टेत उतरलो होतो. आमच्यासमोर दोघं हसतमुख, आत दबक्या आवाजात जुंपलेली. मला लगेच ‘फॉल्टी टॉवर्स’ आठवली!

बीबीसीची ही विनोदी मालिका. भाग फक्त 12: सहा 1975 मध्ये, सहा 1979 मध्ये. इंग्लंडातल्या टॉर्की गावचं छोटं हॉटेल, ते चालवणारे नवरा-बायको बेसिल आणि सिबिल. त्याला पाहुणे खानदानी हवेत. हॉटेल खरं चालतं तिच्यामुळे. दार लावून नीट भांडायचीही सोय नाही, काउंटरवरची घंटी वाजतेच.

मालिकेचं मूळ खरं आहे. 1970 मध्ये मॉन्टी पायथन या विनोदी गटाची मंडळी टॉर्कीच्या एका हॉटेलात उतरली. मालक इतका तिरसट, की बाकीच्यांनी मुक्काम हलवला. त्यांच्यातला जॉन क्लीज मात्र थांबला. त्याची बायको कॉनी बूथही तिथे आली. पुढे दोघांनी मिळून मालिका लिहिली. तो झाला बेसिल, ती वेट्रेस पॉली.

1978 मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. तरी 1979 चे भाग दोघांनी एकत्रच लिहिले, आणि मला तेच जास्त धारदार वाटतात.

‘द ॲनिव्हर्सरी’ बघाच: लग्नाचा वाढदिवस, रुसून निघून गेलेली सिबिल आणि दारात पाहुणे!

तुमच्यापैकी कुणी जोडीनं होमस्टे किंवा खानावळ चालवतं का? भांडता कधी?