चिलटाची खारी भावंडं

आमच्या वाडीत केळीचा घड पिकायला ठेवला, की दोन दिवसांत त्यावर चिलटं घिरट्या घालू लागतात. वसईच्या पश्चिमेचं हे नेहमीचं दृश्य. रेल्वेरूळ ओलांडून जूचंद्रच्या बाजूला गेलं, की मिठागरं लागतात. दिवाळीनंतर खाडीचं पाणी वाफ्यांत घेतात आणि ऊन ते आटवू लागतं. मग वाफ्यांच्या ओल्या कडेवर तशाच बारीक, करड्या माश्यांचा पट्टा दिसतो. पाऊल टाकलं की तो उठतो आणि हातभर पुढे जाऊन पुन्हा बसतो. लहानपणी मी यांनाही चिलटंच म्हणत असे. ते चूक होतं, पण अगदीच चूक नव्हतं.

कीटकशास्त्रात दोन्ही द्विपंखी गणातल्या आणि एकाच अधिकुळातल्या, म्हणजे चुलत भावंडं. केळ्यावरचं चिलट ड्रोसोफिलिडी कुळातलं, तर वाफ्यावरची माशी इफायड्रिडी कुळातली. तिला आपण किनारमाशी म्हणू. या कुळातल्या सुमारे २००० जातींची जगभरात नोंद झाली आहे. भिंग धरलं तर फरक कळतो. किनारमाशीचा चेहरा बहुधा फुगीर असतो आणि तोंड बरंच रुंद. चिखलावरचं शेवाळ खायला ते सोयीचं पडतं. तिच्या शृंगिकेवरच्या केसाला फाटे असले, तर ते बहुधा वरच्याच बाजूला असतात. चिलटाला ते दोन्हीकडे असतात.

खरा फरक मात्र संसाराचा. समुद्राहून खारट पाणी कीटकाच्या शरीरातलं पाणी ओढून घेतं, म्हणून बहुतेक कीटक त्यापासून दूर राहतात. या कुळातल्या एफिड्रा प्रजातीच्या अळ्या तिथेच वाढतात. जादा क्षार बाहेर टाकून त्या आतलं पाणी राखतात. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरावरची माशी तर अंगाभोवती हवेचा बुडबुडा घेऊन पाण्यात उतरते, शेवाळ खाते, अंडी घालते आणि कोरडीच वर येते. दाट केस आणि त्यांवरचा मेणाचा थर यामुळे हे जमतं, असं २०१७ साली प्रयोगांतून दाखवलं गेलं. त्याच राज्यात या कुळातली एक जात खनिज तेलाच्या डबक्यात वाढते. तेलात अडकून मेलेले कीटक हे तिच्या अळीचं अन्न. ऑक्थेरा प्रजातीच्या माश्या खंडोबाच्या किड्यासारख्या पुढच्या पायांनी शिकार पकडतात.

सगळ्याच भावंडांना खारं पाणी लागत नाही. हायड्रेलिया प्रजातीची एक जात भातावर पडते. तिची अळी कोवळ्या पोग्यातलं पान कुरतडते आणि पान उलगडलं, की कडेला पांढुरके डाग दिसतात. साचलेल्या पाण्याकडे ही माशी ओढली जाते, म्हणून लावणीनंतर खाचरातलं पाणी अधूनमधून काढायला सांगतात.

मिठागरावर मात्र किनारमाशी कुणाचं नुकसान करत नाही. शेवाळ अळीच्या पोटात जातं, अळी आणि माशी शेकाट्या-चिखल्यांच्या चोचीत. खाऱ्या, उजाड दिसणाऱ्या वाफ्यावर हिवाळी पाहुणे उतरतात, त्यामागे ही साखळी असते. कागदावर अशा जमिनीला सहज ‘पडीक’ म्हटलं जातं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या ओळखीच्या एका वाफ्यात अर्ध्यापर्यंत डबर पडलेलं होतं. उरलेल्या अर्ध्या कडेवर माश्यांचा पट्टा तसाच बसलेला होता. डबराशी येऊन तो संपत होता.