टॅब्लेटसाठी बिनतारी कळफलक निवडताना

टॅब्लेटच्या काचेवर बोट टेकवत दोन ओळींचा निरोप सहज लिहिता येतो. दोन पानांची प्रश्नपत्रिका लिहायची म्हटली, की मात्र अडचण सुरू होते. अर्धा पडदा कळफलकाच्या चित्रानेच व्यापलेला असतो आणि बोटांना कळा जाणवत नसल्याने नजर सारखी खाली वळते. म्हणून अनेक शिक्षक टॅब्लेटला जोडायला बिनतारी कळफलक घेण्याचा विचार करतात. दुकानात त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, "यावर मराठी येते का?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर कळफलकापाशी नसते. ते का, हे समजले की निवड पुष्कळ सोपी होते.

कळफलक काय पाठवतो?

समजा, कळफलकावर १०४ कळा आहेत. प्रत्येक कळेला स्वतंत्र तार द्यायची तर १०४ तारा लागतील. त्याऐवजी ८ आडव्या आणि १३ उभ्या तारांची जाळी केली, तर ८ × १३ = १०४ छेदनबिंदू मिळतात आणि तारा लागतात फक्त २१. प्रत्येक छेदनबिंदूवर एक कळ बसवलेली असते. कळ दाबली की तिथली आडवी आणि उभी तार एकमेकींना जोडल्या जातात. आतली एक छोटी चिप सेकंदाला अनेक वेळा ही जाळी तपासते आणि जोडल्या गेलेल्या जागेचा ठरलेला क्रमांक टॅब्लेटला कळवते.

हे क्रमांक सर्व उत्पादकांनी मान्य केलेले आहेत. 'ए' छापलेल्या कळेचा क्रमांक ४, 'बी'चा ५ आणि याप्रमाणे 'झेड'चा २९. शिफ्टची कळ दाबलेली आहे की नाही, ही माहिती वेगळी जाते. अक्षर मात्र पाठवले जात नाही.

क्रमांकाचे अक्षर टॅब्लेटमध्ये होते. तिथे कळफलकाचे आराखडे, म्हणजे क्रमांक आणि अक्षरे यांची कोष्टके साठवलेली असतात. १४, ६, १७ हे क्रमांक आले आणि इंग्रजीचे कोष्टक चालू असेल, तर पडद्यावर 'के, सी, एन' ही निरर्थक अक्षरे उमटतात. तेच क्रमांक इनस्क्रिप्टच्या कोष्टकातून गेले, तर 'कमल' उमटते. शेवटच्या कळेबरोबर शिफ्ट दाबली, तर त्याचेच 'कमळ' होते.

इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा आराखडा केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली पुढे आणला आणि १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. त्यात स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. जुन्या मराठी टंकलेखन यंत्राचा हात बसलेल्यांना त्या मांडणीचे कोष्टक वापरता येते. कळफलक तोच राहतो, कोष्टक तेवढे बदलते.

तेव्हा कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली असणे ही सोय आहे, गरज नव्हे. खरी गरज टॅब्लेटमध्ये योग्य कोष्टक असण्याची आहे. पडद्यावरचा कळफलक मराठी आहे म्हणून बाहेरून जोडलेल्या कळफलकालाही मराठी कोष्टक मिळेलच, असे नाही. खरेदीपूर्वी एखाद्या परिचिताचा कोणताही कळफलक आपल्या टॅब्लेटला जोडून ही खात्री करून घ्यावी.

छोट्या कळफलकाची मेख

छापील अक्षरे गौण असली, तरी कळांची संख्या आणि जागा गौण नाहीत. नेहमीच्या कळफलकावर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. आकड्यांच्या ओळीला अशा १५ कळांएवढी जागा लागते, म्हणजे १५ × १९ = २८५ मिलिमीटर. टॅब्लेटची लांबी २५ सेंटिमीटर असेल आणि कळफलक तेवढ्यातच बसवायचा असेल, तर प्रत्येक कळेला साडेसोळा मिलिमीटर मिळतात. लांबी २१ सेंटिमीटर असेल, तर जेमतेम १४. मोठ्या माणसाच्या दहा बोटांना हे अपुरे पडते.

जागा वाचवण्यासाठी उत्पादक बहुधा उजव्या कडेच्या कळांवर कात्री चालवतात. काही कळा अरुंद होतात, काही दुसरीकडे हलतात, तर काही वेगळी कळ दाबून धरल्याशिवाय मिळत नाहीत. इंग्रजीत या कळांवर कंस आणि विरामचिन्हे असतात, त्यामुळे फारसे बिघडत नाही. मराठीचे मात्र बिघडते. इनस्क्रिप्टमध्ये 'पी'च्या लगेच उजवीकडील चौकटी कंसाच्या कळेवर 'ड' आणि 'ढ' आहेत. अवतरणचिन्हाच्या कळेवर 'ट' आणि 'ठ' आहेत. 'कृपा'मधला ऋकार बरोबरच्या चिन्हाच्या कळेवर, तर 'ऑफिस'मधला 'ऑ' उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर आहे. "कृष्णा डॉक्टर होऊन गडावर चढली" हे एक वाक्य लिहून पाहिले, तर या चारही कळांची परीक्षा होते.

जोडणीचे दोन प्रकार

खोक्यावर नुसते 'वायरलेस' लिहिलेले असेल, तर पुढे वाचावे. काही बिनतारी कळफलकांबरोबर यूएसबी खाचेत बसवायचा छोटा ग्राहक येतो. बऱ्याच टॅब्लेटना एकच खाच असते. ती ग्राहकाने अडवली की चार्जिंग थांबते, शिवाय मधला जोडही विकत घ्यावा लागू शकतो. ब्लूटूथचा ग्राहक मात्र टॅब्लेटमध्ये आधीच असतो.

ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात. वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करतात. या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत पट्ट्याचे ७९ भाग केलेले आहेत आणि दोन्ही उपकरणे ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा भाग बदलतात. एखाद्या भागात अडथळा आला, तरी संदेश पुढच्या भागातून जातो. कमी ऊर्जेची नवी पद्धत २०१० मध्ये आली. तिच्यात भाग ४० असतात.

गुप्ततेचाही विचार हवा. प्रश्नपत्रिका आणि संकेतशब्द याच कळांवरून जाणार असतात. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की ब्लूटूथ न वापरणारे काही स्वस्त बिनतारी कळफलक कळांचे क्रमांक उघडेच पाठवत होते आणि ते दूरवरून टिपता येत होते. जोडणी करताना टॅब्लेटवर दिसणारी सहा आकडी संख्या कळफलकावर टाइप करायला सांगणारी ब्लूटूथची पद्धत त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे.

वीज आणि पैसे

कळ दाबलेली नसताना कळफलक जवळपास झोपलेलाच असतो, म्हणून त्याला वीज फार थोडी लागते. कळांखालचे दिवे मात्र बरीच वीज खातात. ते नसले तरी चालते. बदलता येणारे साधे सेल असतील, तर ते संपल्यावर गावातल्या दुकानातून नवे आणून काम पुढे चालू ठेवता येते. आतली बॅटरी पक्की बसवलेली असेल आणि काही वर्षांनी थकली, तर बहुधा सगळा कळफलकच टाकावा लागतो.

आणि टॅब्लेट टेबलावर ठेवूनच काम करायचे असेल, तर शाळेतला जुना तारेचा कळफलकही पाहावा. अनेक टॅब्लेटना तो छोट्या ओटीजी जोडाने लावता येतो. वीज टॅब्लेटकडून मिळते आणि लहरींचा प्रश्नच उरत नाही.

वर्गात करून पाहा

फळ्यावर दोन कोष्टके लिहा. एकात १४ = के, ६ = सी, १७ = एन; दुसऱ्यात १४ = क, ६ = म, १७ = ल. एका विद्यार्थ्याने फक्त क्रमांक वाचावेत. अर्ध्या वर्गाने पहिले कोष्टक वापरून लिहावे, उरलेल्यांनी दुसरे. मग विचारा, "वाचणाऱ्याने इंग्रजी वाचले की मराठी?" मुले वाद घालतील. तो घालू द्यावा. क्रमांक आणि अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वादातूनच त्यांच्या लक्षात येईल.