मद्य, स्त्री आणि वंश

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनास निघालें म्हणजे वाटेंत डोंगराळ रान लागतें. वसंतांत तेथील मोहाच्या झाडांखालीं पहाटेस फुलांचा सडा पडतो आणि तो वेंचावयास बायकामुलें टोपल्या घेऊन जातात. हीं फुलें वाळवून खातात, तशीच आंबवून त्यांची दारूहि गाळतात. त्या दारूचा विषय निघाला कीं आपण सुशिक्षित मंडळी ‘ती पुरुषांची, आणि तीहि रानांतल्या पुरुषांची गोष्ट’ असें म्हणून मोकळे होतों. हा समज दोन्ही अंगांनीं चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पुष्कळदां घरांतील स्त्रीस द्यावी लागते.

शास्त्रज्ञहि या समजापासून मुक्त नव्हते. मद्याचे मेंदूवर काय परिणाम होतात याचे प्रयोग दीर्घकाळ बहुधा पुरुषांवर आणि नर उंदरांवरच झाले. सरकारी द्रव्यावर चालणाऱ्या वैद्यकीय संशोधनांत स्त्रियांचा समावेश असावा असा कायदा अमेरिकेसारख्या देशांतहि झाला तो १९९३ सालीं!

वास्तविक भेद अगदीं साधा आहे. मद्य शरीरांतील पाण्यांत मिसळतें. पुरुषाच्या वजनांत सुमारें ६० टक्के पाणी असतें, स्त्रीच्या सुमारें ५० टक्के. म्हणून सारख्या वजनाच्या दोघांनीं एकाच मापाचा पेला घेतला तरी स्त्रीच्या रक्तांत, आणि रक्तावाटे मेंदूंत, मद्याचें प्रमाण अधिक चढतें. २००५ सालीं जर्मनींतील कार्ल मान व त्यांचे सहकारी यांनीं व्यसनी स्त्रीपुरुषांचे मेंदू यंत्रानें तपासले. स्त्रियांचें व्यसन थोड्या वर्षांचें असूनहि त्यांच्या मेंदूचा संकोच जवळजवळ पुरुषांइतकाच आढळला. सर्वच संशोधकांना असें आढळलेलें नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. तथापि यकृताच्या बाबतींत मात्र स्त्रीची हानि लवकर होते याविषयीं फारसा मतभेद नाहीं.

आतां वंशाचा प्रश्न. ‘आमच्या कुळांत कोणी शिवलेलें नाहीं’ आणि ‘त्यांच्या रक्तांतच आहे’ हीं दोन वाक्यें सोयरीक जुळवितांना आपण नेहमीं ऐकतों. रक्त आणि संगत यांचा निवाडा करण्यास दत्तक मुलाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाहीं. डेन्मार्कमध्यें डोनाल्ड गुडविन यांनीं असेच दत्तक गेलेले पुत्र पाहिले. जन्मदाता मद्यासक्त असलेल्या मुलांत हें व्यसन इतर दत्तकांच्या सुमारें चौपट निघालें, हा निष्कर्ष १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें मुलींच्या पाहणींत असा स्पष्ट फरक दिसला नाहीं, आणि स्त्रियांना वंशाची बाधा नाहीं असें पुष्कळांनीं मानलें. परंतु १९९२ सालीं केनेथ केंडलर यांनीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांतील जुळ्या बहिणींचा अभ्यास केला, तेव्हां स्त्रियांतहि निम्म्याहून अधिक प्रवृत्ति आनुवंशिक ठरली.

ही प्रवृत्ति एखाद्याच जनुकांत बसलेली नसते. ती अनेकांत थोडीथोडी विखुरलेली असते. उलट संरक्षण देणारेंहि एक जनुक आहे. चीन-जपानकडील पुष्कळ लोकांचा चेहरा एका पेल्यानें लाल होतो व जीव कासावीस होतो, म्हणून ते सहसा फार पीत नाहींत. आपल्या देशांत तें रूप क्वचितच सांपडतें. ब्राह्मण कुळांस त्याचा वेगळा आधार आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें. तेथें पुढें स्त्रियांसाठीं ‘निशिगंध’ हा निराळा विभाग निघाला, यावरून गरज ओळखावी. व्यसनी मुलाचें नांव चार माणसांत निघतें, वडील त्याला रागें भरतात, काका डॉक्टरकडे नेतात. सुनेचें वा लेकीचें मात्र माजघराबाहेर जाऊं दिलें जात नाहीं. ‘डोकें दुखतें’, ‘झोंप येत नाहीं’ एवढ्यावर वर्षें निघून जातात. मद्य सोडल्यावर कांहीं महिन्यांत मेंदूची हानि बरीच भरून येऊं शकते, हें आतां सिद्ध आहे. पण आहारांतील ब१ जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडून स्मृतिच गेली, तर ती पुरती परत येणें कठीण असतें. हा विकार रशियन वैद्य कोर्साकोफ यांनीं १८८७ सालींच वर्णिला होता.