डिझेल-ट्रकचा स्टार्टर व इंधनबंदीची झडप : बिघाड कसा ओळखावा

हल्ली बागायती टापूतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी डिझेलवर चालणारा लहानमोठा ट्रक उभा असतो. बैल उठत नसेल तर त्याचे तोंड, डोळे व शेण पाहिल्याशिवाय आपण त्यास औषध पाजीत नाही. परंतु ट्रक चालू होत नाही म्हटले की त्याच घरचा शहाणा मनुष्य प्रथम बॅटरी बदलतो, मग स्टार्टर उतरवितो, आणि तेवढ्याने भागले नाही तर पंप खोलावयास देतो. प्रस्तुत लेखकाने हे तिन्ही केले आहे. तिन्ही खर्च पाण्यात गेल्यावर जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. लेखक मिस्त्री नव्हे. सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. जागेवर जाऊन पंचनामा झाल्याखेरीज प्रकरण निकालात काढू नये, एवढे मात्र त्या नोकरीने शिकविले होते, आणि घरच्या गाडीच्या बाबतीत नेमके तेच विसरले गेले.

आमची गाडी जुनी, बारा व्होल्टची, निफाड तालुक्यातून लासलगावच्या बाजारात कांदा नेण्यासाठी दुसऱ्याकडून घेतलेली. एके दिवशी पहाटे माल भरून चावी फिरविली तो स्टार्टरमधून नुसती टकटक. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून गाडी चालू केली, पण लिलावास उशिरा पोहोचलो आणि त्या दिवशी सकाळचा भाव हातचा गेला. बॅटरी नवी आणली. आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग स्टार्टर उतरवून त्याचे कार्बन व वेटोळे नवे करविले. आता इंजिन फिरू लागले, परंतु जडपणे, आणि पेट घेईना. सायलेन्सरमधून धूर म्हणून नाही. "पंप गेला," असा निकाल मिळाला. पंप शहरात गेला, चार दिवसांनी परत आला, व सोबत निरोप आला की पंपात काही दोष नाही.

पुढची हकीकत समजण्यास डिझेल इंजिनाची एक गोष्ट ध्यानी असावी. रुडॉल्फ डिझेल याने ऑग्सबर्ग येथे १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी नाही. हवा दाबून इतकी तापवावयाची की तीत फवारलेले तेल आपोआप पेटावे. ठिणगीच नसल्यामुळे पेट्रोलच्या गाडीप्रमाणे वीज तोडून इंजिन थांबविता येत नाही. थांबवावयाचे तर तेल तोडावे लागते. जुन्या गाड्यांत हे काम चालकाजवळच्या मुठीची केबल करी. मूठ ओढली की पंपावरील दांडी वळे व तेल बंद होई. पुढे चावीनेच इंजिन बंद व्हावे म्हणून पंपावर विजेची झडप आली. तांब्याच्या तारेचे वेटोळे, मध्ये लोखंडी दांडा, मागे स्प्रिंग. वेटोळ्यात वीज गेली की दांडा ओढला जातो व तेलाची वाट खुली होते. वीज गेली की स्प्रिंग वाट बंद करते. यासच सोलेनॉइड म्हणतात. लहान ट्रकांच्या गोल पंपांवर बहुधा हीच रचना असते. म्हणजे ज्या डिझेल इंजिनास चालण्यास विजेची गरज नाही असे आपण समजतो, त्याच्या तेलाच्या दाराशी विजेचा पहारेकरी बसविलेला आहे. पहारेकऱ्यास वीज पुरेशी मिळाली नाही तर दार उघडत नाही, मग इंजिन कितीही फिरवा.

स्टार्टरवरही असेच एक सोलेनॉइड असते, पण त्यात दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, दांडा झटक्याने ओढणारे. दुसरे बारीक तारेचे, ओढलेला दांडा धरून ठेवणारे. दांडा पुढे गेला की दाते फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरतात व त्याच वेळी आतील तांब्याचे संपर्क जुळून मोटारीस मुख्य वीज मिळते. हे कळले म्हणजे आवाजावरून बरेच निदान होते, आणि कान हे फुकटचे हत्यार आहे.

भराभर टकटक होत असेल तर दांडा ओढला जातो, मोटारीने वीज खेचताच दाब खाली येतो, धरणारे वेटोळे दांडा सोडते, दाब पुन्हा वाढतो, दांडा पुन्हा ओढला जातो. वीज अपुरी पडते एवढेच याने सिद्ध होते. ती बॅटरीत अपुरी आहे की वाटेत गळते, हे ठरावयाचे राहते. एकच ठोस टक् होऊन पुढे काही नाही, तर सोलेनॉइडचे संपर्क जळालेले, मुख्य केबलची नट सैल, अथवा मोटारीचे कार्बन झिजलेले. क्वचित इंजिनच अडकलेले. सिलिंडरात पाणी अगर तेल भरल्यानेही इंजिन अडते, म्हणून अशा वेळी पुनःपुन्हा चावी मारण्यापूर्वी ते हाताने फिरवून पाहावे. मोटार सुसाट घरघरते पण इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स घसरतो किंवा दाते झिजले आहेत. येथे मात्र स्टार्टर उतरविल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि टक्ही नाही तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक तार, फ्यूज व रिले पाहावेत.

आता बॅटरी. स्वस्तातला डिजिटल मीटर प्रत्येक गाडीवाल्याने घरी ठेवावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बारा व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास दिसले तर निम्मी रिकामी. स्टार्टर फिरत असता दाब साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी दुबळी आहे किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर वीज खातो. चोवीस व्होल्टच्या मोठ्या ट्रकास हे आकडे दुप्पट धरावे. बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर जमणारी पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन काढावी व कोरड्या झाल्यावर पेट्रोलियम जेली चोपडावी. हे सर्व बहुतेकांस ठाऊक असते, पाहणी मात्र बहुधा येथेच थांबते. आमचीही येथेच थांबली होती.

वीज बॅटरीतून जशी निघते तशीच तिला परत यावे लागते, हा अर्धा रस्ता कोणी पाहत नाही. बॅटरीची ऋण केबल चासीस जोडलेली असते. इंजिन मात्र रबराच्या गाद्यांवर बसलेले, म्हणजे चासीपासून जवळजवळ तुटलेले. दोहोंमध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी अथवा जाड केबल असते, आणि स्टार्टरची शेकडो अँपिअर वीज त्या एकाच पट्टीने परतते. ही पट्टी गाडीच्या पोटाखाली चिखलात, पाण्यात, तेलकट धुळीत वर्षानुवर्षे असते. आमची पट्टी वरून शाबूत होती. बोल्टाखाली हिरवी पडून आतून कुजली होती.

ती सापडली कशी हे सांगण्याजोगे आहे. गाड्यांची वायरिंग करणारे एक वृद्ध गृहस्थ गावी पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी पंपास हातही लावला नाही. चालकास स्टार्टर मारावयास सांगितले व स्वतः ॲक्सिलरेटरची केबल बोटांनी चाचपली. केबल गरम लागत होती, एके ठिकाणी तिचे प्लास्टिक मऊ पडले होते. "तात्या, वीज इथून घरी चालली आहे," असे ते हसून म्हणाले. पट्टीने वाट दिली नाही म्हणून स्टार्टरची वीज सापडेल त्या लोखंडातून परतत होती. मग त्यांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरविले. चावी नुसती चालू असता काटा जवळजवळ शून्यावर. स्टार्टर फिरताच तीन व्होल्टांच्या वर. हा फरक अर्ध्या व्होल्टाहून अधिक असू नये.

यात दोन्ही रोगांचे मूळ एकच होते. स्टार्टरला तीन व्होल्ट कमी मिळाले म्हणून प्रथम टकटक, व कार्बन नवे झाल्यावर जड फिरणे. पंपावरील सोलेनॉइडची परतीची वाटही इंजिनाच्या लोखंडातूनच. स्टार्टर फिरू लागला की तेथील दाब इतका उतरे की झडप उघडेना, आणि तेल नाही म्हणून धूर नाही. नुसती चावी लावून पाहिले असता ती टक् असा स्वच्छ आवाज देई, कारण एकट्या झडपेस वीज फारच थोडी लागते, तेवढी त्या कुजक्या पट्टीतूनही जाई. याच परीक्षेवर तिला निर्दोष ठरविण्यात आले होते. परीक्षा खोटी नव्हती, वेळ चुकीची होती. नवी केबल टाकून दोन्ही टोकांखालचे लोखंड घासून उजळ केले. खर्च एका गोणीच्या हमालीहून फार नव्हता.

तेव्हा इंजिन चांगले फिरते पण पेटत नाही, अशा वेळी प्रथम सायलेन्सरकडे पाहावे. तेलाच्या वासाचा पांढुरका धूर येत असेल तर तेल पोहोचत आहे व दोष अन्यत्र, म्हणजे मंद फिरण्यात, थंडीच्या दिवसांत तापकांत, अगर इंजिनाच्या घटलेल्या दाबात आहे. धूर मुळीच नसेल तर तेल अडले आहे. ते टाकीत आहे ना, फिल्टरमध्ये पाणी भरले नाही ना, नळीत हवा शिरली नाही ना, हे पाहून हातपंपाने हवा काढावी. केबलची जुनी गाडी असेल तर थांबविण्याची दांडी पूर्णपणे मागे आली आहे काय ते डोळ्यांनी पाहावे. गंजलेली केबल अर्ध्यावर अडकून बसणे हा फार साधा व फार वेळा दुर्लक्षिलेला दोष आहे. विजेची झडप असेल तर तिच्या खुंटीवर मीटर लावून आकडा वाचावा, आणि तो स्टार्टर फिरत असतानाच वाचावा. तेथे वीज पुरेशी असून झडप उघडत नसेल तरच झडप वाईट. वीज नसेल तर फ्यूज व तार तपासावी.

बॅटरी अगदी मेलेली असता गाडी ढकलून पेटत नाही, याचे कोडेही येथेच सुटते. केबलची जुनी गाडी उतारावर सोडली की विजेवाचून चालू होई. झडपेची गाडी तशी होणार नाही, कारण दार बंद आहे. आमची गाडी त्या पहाटे ट्रॅक्टरने ओढून चालू झाली, कारण स्टार्टर न मारल्यामुळे झडपेस वीज पुरली. हा पुरावा पहिल्याच दिवशी समोर होता. आम्ही तो वाचला नाही.

काही मोठ्या इंजिनांवर झडप पंपाच्या बाहेर असून ती दांडीने जोडलेली असते, आणि तिलाही स्टार्टरप्रमाणे ओढणारे व धरणारे अशी दोन वेटोळी असतात. दांडीची लांबी चुकल्याने दांडा शेवटपर्यंत बसला नाही तर ओढणारे वेटोळे चालूच राहून जळते. नवे बसविले की तेही जळते. अशी झडप दुसऱ्यांदा गेली तर तिसरी विकत घेण्याआधी दांडी मापावी.

अडचणीत सापडलेले काही चालक गोल पंपाची झडप उलगडून आतील दांडा व स्प्रिंग काढतात व टोपी पुन्हा बसवितात. तेल खुले राहते, गाडी घरी येते. मात्र मग चावीने इंजिन थांबत नाही. असे करणे भागच पडले तर गाडीवर हात ठेवणाऱ्या प्रत्येकास ते सांगावे, व थांबविताना ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडून इंजिन दमवावे. चावी काढूनही इंजिन चालू राहण्याचे कारण झडपेत अडकलेली घाणही असू शकते, किंवा तिला दुसऱ्या तारेने चोरवाटेची वीज मिळत असते. इंजिन आपल्या मनाने भरधाव सुटले तर हवेचे तोंड जाड फळीने झाकावे. तळहात वा फडके तेथे कदापि नेऊ नये.

स्टार्टरच्या खुंट्यांवर पाना टेकवून गाडी चालू करण्याची खोड आपल्याकडे फार आहे. तसे केले असता गाडी गिअरमध्ये असेल तर ती जागच्या जागी उडी घेते, आणि पाना धरणारा बहुधा चाकापुढेच वाकलेला असतो. आमच्या शेजारच्या गावी अशाने गोठ्याची भिंत पडली. वासरू वाचले, गड्याचा पाय वाचला नाही. चावी एका वेळी दहापंधरा सेकंदांहून अधिक धरू नये, मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. तापकांच्या इंजिनात चालू करण्यासाठी ईथरचा फवारा मारू नये, कारण तापलेल्या तापकावर तो अवेळी भडकून पिस्टन फोडतो.

वरील तपासणी जुन्या रचनेच्या गाड्यांपुरती आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत तेलाचा कारभार संगणकाकडे असतो व नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असू शकतो. तेथे नळीची नट सैल करून तेल येते काय पाहणे म्हणजे कातडी भेदून तेल अंगात शिरण्यास वाट देणे होय. तशा गाडीच्या बॅटरीची व पट्टीची परीक्षा घरी करावी, पुढचे काम यंत्र लावून पाहणाऱ्यास द्यावे. पट्टी मात्र तिच्याही पोटाखाली असते, आणि पावसाळा उलटल्यावर दिवाळीपूर्वी तिचे बोल्ट खोलून पाहण्यास अर्धा तास पुरतो.