वरच्यांचे सांडपाणी, खालच्यांचा हंडा

दौंड तालुक्यातील राहू आणि आसपासच्या गावांना परिसरात ‘राहू बेट’ म्हणतात. एका अंगाने भीमा वाहते, दुसऱ्या अंगाने मुळा-मुठा, आणि पुढे वाळकी व रांजणगाव सांडस यांच्याजवळ दोघी एकमेकींना मिळतात. भीमेपलीकडे शिरूर तालुका. दोन नद्यांनी वेढलेल्या या पट्ट्यात पाण्याचा तुटवडा हा शब्द परका वाटावा. ऊस उभा आहे, गुऱ्हाळांची धुराडी धूर सोडत आहेत, विहिरींना पाणी आहे. तरीही अनेक घरांच्या ओट्यावर वीस लिटरचा निळा जार दिसतो. नदीकाठी राहून पाणी विकत घेण्याची ही वेळ का आली, हा प्रश्न केवळ शेतीचा नाही. तो कुटुंबाच्या प्रकृतीचा आहे.

उत्तर वरच्या अंगाला, पुण्यात आहे. मुळा आणि मुठा यांचा संगम पुणे शहरात होतो. तेथून बंडगार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊर असा प्रवास करीत नदी खाली येते. थेऊरला थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये अखेरचा श्वास घेतला, तेव्हा ते नदीकाठचे शांत क्षेत्र होते. आज त्याच पात्रात शहराचे मैलापाणी येते. त्यातले काही प्रक्रिया झालेले, काही जसेच्या तसे. भीमेची बाजूही निर्धास्त नाही. तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते आणि ती पिंपरी-चिंचवडच्या कडेने, आळंदीवरून आलेली असते. म्हणजे बेटाच्या दोन्ही अंगांना महानगरांचे पाणी आहे.

शहरात निर्णय झाले नाहीत असे नव्हे. जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून नदी सुधारण्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. पुण्यात एकूण ३९६ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेची ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारण्याची ती योजना. मूळ खर्च ९९० कोटी रुपयांचा. प्रत्यक्ष बांधकामाला हात लागायला मात्र २०२२ साल उजाडले. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. शहरातील नागरिकाला निदान तक्रार करायला वॉर्ड कार्यालय असते. राहूच्या रहिवाशाचे त्या महापालिकेत मत नाही, प्रतिनिधी नाही. ज्या सभेच्या निर्णयाचा परिणाम त्याच्या विहिरीवर होतो, त्या सभेचा तो मतदारच नाही. लोकशाहीच्या नकाशात नदीचे खोरे नावाचा मतदारसंघ नसतो, ही या प्रश्नाची खरी मेख आहे.

मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडण्याची योजनाही याच काळातली. धरणातील स्वच्छ पाणी शहराने प्यायचे आणि वापरलेले पाणी शुद्ध करून यवतच्या दिशेच्या शेतीला परत द्यायचे, ही कल्पना वाईट नाही. जगात अनेक ठिकाणी तसे होते. अट एकच: ‘प्रक्रिया’ हा शब्द कागदावर न राहता पाण्यात उतरला पाहिजे.

आता घरात येऊ. काठावरच्या विहिरीचे पाणी स्वच्छ दिसते, कारण वाळू आणि माती गाळणीचे काम करतात. पण ही गाळणी सर्व काही अडवीत नाही. नायट्रेट हे क्षार तिच्यातून सहज उतरतात. ते सांडपाण्यातून येतात, तसेच उसाला टाकलेल्या युरियातूनही येतात. या बाबतीत शहराकडे बोट दाखवताना आपल्या बांधाकडेही पाहावे लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि ओठ, नखे निळसर पडतात. येथे आपली एक भाबडी समजूत आड येते. पाणी उकळले की निर्धोक झाले, असे आपण मानतो. जंतूंच्या बाबतीत ते खरे आहे. नायट्रेटच्या बाबतीत उलट घडते: पाणी आटते, क्षार तेवढेच राहतात, म्हणजे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळाच्या आईने आपल्या विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी एकदा तरी तपासून घ्यावे, आणि तोवर अंगावरचे दूध हेच बाळाचे पाणी समजावे.

डासांची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. मुळा-मुठेवर जलपर्णीची हिरवी चादर पसरली की संध्याकाळी डासांचे थवे उठतात आणि सारा दोष नदीला दिला जातो. घाण पाण्यात वाढणारा तो क्यूलेक्स डास. रात्रीची झोप तो खरोखर हिरावतो. पण डेंग्यूचा एडिस डास नदीत अंडी घालीत नाही. त्याला रांजण, उघडी टाकी, गोठ्यामागचा जुना टायर यांतील स्वच्छ साठलेले पाणी हवे असते. नदीसाठी आंदोलन करावेच. मात्र आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी घासून पालथी घालणे, हे कोणत्याही महापालिकेच्या मंजुरीवाचून करता येते.

जारविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतील बळ जाते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्या वेळी जार भरून देणाऱ्या काही खासगी केंद्रांचे पाणीही पिण्यायोग्य नसल्याचे तपासणीत आढळले आणि महापालिकेने ती बंद केली. जारमधले पाणी गार आणि चवीला गोड असते, एवढ्यावरून ते शुद्ध ठरत नाही. धायरी २०१७ मध्ये, तर नांदेड व किरकटवाडी २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झाली होती. गाव शहरात गेले म्हणजे नळाला शहराचे पाणी आले, असे होत नाही, हे त्या कुटुंबांनी फार मोठी किंमत देऊन अनुभवले.

मग राहूसारख्या गावाने काय करावे? पुण्याच्या सभागृहात त्याला आवाज नसला, तरी स्वतःचे सभागृह त्याच्याकडे आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८चा असून त्यात ग्रामसभेला स्थान आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला घटनेचे बळ मिळाले. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि त्यांच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर असले की गणपूर्ती होते. मोठ्या गावात शंभर माणसे म्हणजे फार नव्हेत. लग्नाच्या पंगतीची एक रांग झाली. तरीही सभा तहकूब होतात. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मग चार-दहा जणांसमोर वर्षाचा आराखडा मंजूर होऊन जातो.

या आराखड्यात आपल्या पाण्याचा पैसा असतो. २०२१ ते २०२६ या काळातील पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के वाटा बंधित आहे: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणून सभेत उठून विचारावे, या वाट्यातून काय झाले? गावाच्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले की पिवळे, की लाल? लाल म्हणजे साथीची तीव्र जोखीम. वर्षातून दोनदा हे सर्वेक्षण होते, तरी आपल्या गावाच्या कार्डाचा रंग ठाऊक असलेली माणसे शोधावी लागतात. टीसीएल पावडर कोठे आणि कशी ठेवली आहे? ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो; ओलसर खोलीत उघड्या पोत्यात तो उडून जातो आणि वीस टक्क्यांखाली गेलेली पावडर टाकीत ओतणे म्हणजे चुना ओतण्यासारखेच. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ओटीच्या द्रावणाने हे क्षणात कळते: पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातील त्या पाच जणी कोण, हेही विचारावे.

हे प्रश्न विचारणे सोपे नसते. गावात सरपंच बहुधा कोणाचा तरी चुलता, भाचा किंवा जाऊबाई असते. पाणी सोडणारा कर्मचारी शेजारच्या आळीतला असतो. ‘आत्ताच कशाला भांडण’ म्हणून माणसे गप्प बसतात. अनुभव असा, की महिला सभेत हा संकोच लवकर सुटतो, कारण मुलाच्या जुलाबांत रात्र जागून काढलेली आई कोणाच्या नात्यागोत्याला फारशी भीत नाही. तेथे झालेला ठराव ग्रामसभेत मांडता येतो. नदीविषयीचा ठरावही असाच करावा, आणि काठावरच्या सगळ्या ग्रामपंचायतींनी एकाच मजकुराचा करून तो जिल्हाधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि दोन्ही महापालिका यांच्याकडे पाठवावा. एकट्या गावाचे पत्र फाइलीत जाते. वीस गावांच्या एकसारख्या ठरावाला उत्तर द्यावे लागते.

सभेची सूचना सात दिवस आधी लागते. ती वाचल्याबरोबर आपला प्रश्न लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि सभेनंतर तो इतिवृत्तात आला की नाही हे पाहावे. पाण्याचा नमुना सोबत नेण्याची इच्छा असेल, तर घरची शीतपेयाची बाटली चालत नाही. जंतुपरीक्षणासाठी प्रयोगशाळेकडून मिळणारी निर्जंतुक बाटलीच वापरावी, नळाचे तोंड पुसून दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, बाटलीच्या आत बोट लागू देऊ नये, आणि बर्फाच्या डब्यात ठेवून ती चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी.