विहिरीचे पाणी आणि मलेरियावाले काका

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव बहुतेकांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक, तलावाकाठचे शंकराचार्यांचे मंदिर आणि दुसरी, कार्तिकातली जत्रा. जत्रेहून येताना सुकेळी घेतल्याशिवाय कोणी घरी परतत नाही. आम्ही मात्र निर्मळला जातो ते आपल्या एका वडीलधाऱ्या धम्मबांधवांना भेटायला. आरोग्य खात्यात बहुउद्देशीय कर्मचारी म्हणून त्यांनी उभी हयात याच पट्ट्यात काढली. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. "लिहायचे तर लिहा, पण नाव छापायचे नाही," अशी त्यांची अट आहे. लोक त्यांना मलेरियावाले काका म्हणत. आम्हीही तेच म्हणतो.

काकांचे काम ऐकायला सोपे. दर पंधरवड्याला घरोघर जायचे, "कोणाला ताप आहे का?" असे विचारायचे. ताप असेल तर बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर तारीख टाकून पुढच्या घरी जायचे. पावसाळ्यात हे करून पाहावे म्हणजे कळते. या भागात केळीच्या वाड्या आणि पाणी साठवणारी बावखले. बावखलांवर शेती जगते, पण साचलेले पाणी म्हणजे डासांचेही माहेरघर. काका डबा भरून गप्पी मासे न्यायचे आणि पाण्यात सोडायचे. हे मासे डासांच्या अळ्या खातात. काकांची पोरे लहानपणी गप्पी माशांना "बाबांचे शिपाई" म्हणायची.

परंतु आम्हाला सांगायचे आहे ते विहिरीविषयी.

पाणी शुद्ध करण्याची पावडर, म्हणजे टीसीएल, विहिरीत टाकणे हेही काकांच्याच कामात होते. त्याचा हिशेब त्यांनी आम्हाला समजावून दिला. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याला त्याच आकड्याने गुणायचे, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ७८५ ने. आले तितके लिटर पाणी. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास पावडर. डबा उघडा राहिला असेल तर तिचा जोर गेलेला असतो, तेव्हा जास्त घ्यावी लागते. आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनीत केस पिकले, पण इतका चोख हिशेब आमच्या टेबलावरून क्वचितच गेला असेल! पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडायची आणि वरखाली हलवायची. मग तासभर कोणी पाणी भरायचे नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वाडीतल्या म्हाताऱ्या मालकाने काकांना विहिरीपासून दहा पावले अलीकडेच थांबवले. म्हणाला, "पावडर दे इकडे. आम्ही टाकतो." कारण बोलून दाखवले नाही, बोलण्याची गरजही नव्हती. काका म्हणाले, "सरकारी पावडर आहे, मोजून मीच टाकणार. नाहीतर तसे रजिस्टरात लिहितो." बराच वेळ दोघेही उभे. शेवटी घरातली सून दोर घेऊन आली.

वाचकहो, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते तळे "शुद्ध" केले होते. आणि इथे त्याच समाजातल्या एका मुलाने पावडर टाकल्याशिवाय त्या वाडीचे पाणी पिण्यालायक होत नव्हते. दुसऱ्या दिवशी काकांनी नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन पुरेसा होता. पुढच्या वर्षापासून तो म्हातारा स्वतः दोर काढून द्यायचा. मात्र प्यायला पाण्याचा तांब्या त्या घरातून कधी पुढे आला नाही, हेही काका तितक्याच शांतपणे सांगतात.

घरातली लढाई निराळी होती. एका श्रावणात थोरला मुलगा तापाने फणफणला. काकांच्या आई धम्मदीक्षा घेतलेल्या, गळ्यात बाबासाहेबांचे लॉकेट. पण नातू थरथर कापू लागला तशी जुनी भीती वर आली. "दृष्ट लागली, भगताकडे ने," असा त्यांनी धोशा लावला. काकांनी मुलाच्या बोटाला सुई लावली आणि क्लोरोक्विन दिले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकूंची अवस्था वाईट. एकीकडे सासू, दुसरीकडे नवरा. काका म्हणतात, "भीती मलाही वाटत होती. पोराला काही झाले असते तर आईने मला जन्मभर बोल लावला असता." तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आईने नातवाला पेज भरवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

इथे एक गोष्ट नोंदवतो. निर्मळजवळच्या भुईगावात १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आपल्या धम्मदीक्षेचेच ते वर्ष! आठव्याचा तुकडा त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याला मिळाला होता. नवव्या लेखात अशोक सांगतो की आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे : नोकराचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान, प्राणिमात्रांबद्दल संयम. नवव्या लेखाचा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. काकांनी आईला तो दाखवायला नेले होते. आईला अक्षरओळख नव्हती. तिने काचेवर हात ठेवून विचारले, "म्हणजे राजाच्या घरीपण भगत यायचा का?" हे सांगताना काका अजून हसतात.

वर्षावास आणि मलेरियाचा हंगाम एकाच वेळी येतात. दिवसभर भिजून आले तरी रात्री जेवणानंतर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची काही पाने वाचायची, हा त्यांचा नेम आषाढी ते अश्विनी पौर्णिमेपर्यंत कधी मोडला नाही. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने धुऊन पुसून काढल्याची गोष्ट पोरांना तोंडपाठ झाली. धाकटी मुलगी पुढे नर्स झाली. काकूंनी त्यासाठी कानातले मोडले होते. नर्सिंगची फी भरण्यासाठी भावाने शिक्षण एक वर्ष थांबवले, ही गोष्ट ती आजही भावासमोर काढू देत नाही.

मागच्या वर्षावासात आम्ही गेलो तेव्हा वाचनाला नातवंडे बसली होती. पुस्तकाचे पुठ्ठे निघाले होते, काकूंनी त्याला कापडी बांधणी केली होती. वाचन संपले, सरणत्तय झाले, आम्ही चहाला बसलो. काका मात्र बॅटरी घेऊन मागच्या दारी गेले. पिंपाच्या पाण्यात अळ्या आहेत का ते बघायला.